स्वस्त एमपीथ्री प्लेअर : नफ्या-तोट्याचा हिशेब

संध्याकाळी शहागंजच्या घड्याळापासून सिटी चौकापर्यंत पायी निघाले की एक वस्तू जागोजागी दिसते. तळहाताएवढा डबा, पुढे जाळी, वर चार-पाच बटणे आणि बाजूला मेमरी कार्ड घालण्याची फट. कोणी त्याला एमपीथ्री म्हणतो, कोणी कार्डवाला स्पीकर म्हणतो, वडीलधारी माणसे अजूनही त्याला रेडिओच म्हणतात. पैठण गेटच्या मोबाईल दुकानांत तो काचेच्या कपाटात असतो, रविवारी जाफरगेटच्या बाजारात जमिनीवर चादर टाकून विकला जातो. किंमत साधारण तीनशे ते आठशे रुपये. शर्टाला चिमट्याने अडकवून कानात वायर घालण्याचा लहान प्रकार तर त्याहूनही स्वस्त मिळतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. मग या वस्तूवर लिहिण्याचे कारण काय, असे वाचक बांधव विचारतील. कारण असे की हा डबा आज आपल्याच लोकांच्या हाताशी आहे. शिलाई मशीनवर बसणारा दर्जी, जरीच्या अड्ड्यावर वाकलेला कारीगर, हातमागावर बसणारा विणकर, भंगार गोळा करणारा, भाजीची गाडी ढकलणारा, सर्वांकडे तो असतो. विकणाऱ्यांतही आपले तरुण पुष्कळ आहेत. आणि आमच्या स्वतःच्या दुकानात या डब्यामुळे एकदा जे घडले ते सांगण्यासारखे आहे. म्हणून या वस्तूचे फायदे-तोटे व्यापाऱ्याच्या नजरेने तपासावेत, एवढाच या लेखाचा हेतू.

एक गोष्ट आरंभीच स्पष्ट करतो. संगीत ऐकावे की नाही, हा आलिमांना विचारण्याचा विषय आहे. आम्ही त्यात पडत नाही. या डब्यात गाणीही वाजतात, नातही वाजते, किरअत, बयान आणि मुलांचे धडेही वाजतात. काय ऐकायचे ते ज्याने-त्याने ठरवावे. आम्ही फक्त डब्याबद्दल बोलणार आहोत.

कॅसेटपासून कार्डापर्यंत

आमच्या वयाच्या वाचकांना तो काळ आठवत असेल. मोहल्ल्यातला कोणी सौदीहून किंवा दुबईहून सुटीवर आला की त्याच्या सामानात टू-इन-वन असायचा. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात. ज्याच्या घरी तो आला त्याच्या अंगणात संध्याकाळी बैठक भरायची. कॅसेट फिलिप्स कंपनीने १९६३ साली काढली होती. खिशात किंवा कमरेला बांधून ऐकण्याचा वॉकमन सोनी कंपनीने जुलै १९७९ मध्ये जपानात विक्रीला आणला. आपल्याकडे मात्र कॅसेट खऱ्या अर्थाने घराघरांत गेली ती १९८० च्या दशकात, टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी ती स्वस्त केल्यावर. मग कव्वाली, नात, तकरीर, सगळे कॅसेटवर आले आणि कॅसेट भरून देणारी दुकाने गल्लोगल्ली निघाली.

पुढे १९९८ मध्ये दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीने पहिला एमपीथ्री प्लेअर बाजारात आणला. ऑक्टोबर २००१ मध्ये अमेरिकेच्या ॲपल कंपनीने आयपॉड जाहीर केला. तो इतका महाग होता की आपल्या गल्लीत तो कोणी पाहिलाही नसेल. मे २०२२ मध्ये ॲपलने आयपॉड बंद केल्याचे जाहीर केले. श्रीमंतांची वस्तू बाजारातून गेली आणि गरिबांचा डबा मात्र टिकून आहे. यामागे काहीतरी कारण असलेच पाहिजे.

कारण हिशेबात आहे. साध्या दर्जाच्या एमपीथ्री फाईलला एका मिनिटासाठी सुमारे एक एमबी जागा लागते. म्हणजे आठ जीबीच्या नखाएवढ्या कार्डात १३० तासांहून अधिक ऐकण्याचा मजकूर मावतो. साठ मिनिटांच्या कॅसेटांत हाच मजकूर भरायचा तर १३० कॅसेटांची पेटी लागेल. पूर्ण कुरआनचे सावकाश पठण कारीच्या गतीप्रमाणे साधारण २० ते ३० तासांचे असते. पूर्वी त्यासाठी कॅसेटांचा मोठा संच घ्यावा लागे आणि एखादी कॅसेट मशीनमध्ये अडकली की संच अपुरा होई. आज तेच पठण कार्डाच्या एका कोपऱ्यात बसते.

फायदे कोणते?

पहिला फायदा हात मोकळे राहण्याचा. कारीगराचे डोळे आणि हात कामात गुंतलेले असतात, कान रिकामे असतात. टीव्ही किंवा मोबाईलचा पडदा त्याची नजर ओढून घेतो आणि मग टाका चुकतो. हा डबा नजर ओढत नाही. हातमागावर किंवा अड्ड्यावर आठ-आठ तास एकच हालचाल करणाऱ्याला सोबत लागते. ती सोबत तीनशे रुपयांत मिळत असेल तर ती काही लहान गोष्ट नाही.

दुसरा फायदा मोबाईल वाचतो. आज दुकानदाराचा मोबाईल हाच त्याचा गल्ला झाला आहे. पैसे त्यावर येतात, माल त्यावर मागवला जातो, भाव त्यावर कळतो. दिवसभर त्यावरच काहीतरी वाजवत ठेवले तर चार वाजता बॅटरी बसते आणि गिऱ्हाईक पैसे देण्यास उभे असते. वेगळा डबा असला की मोबाईल कामासाठी मोकळा राहतो. शिकाऊ मुलाच्या हाती डबा दिला तर तो ऐकतो आणि काम करतो. मोबाईल दिला तर बोटाने पडदा सरकवत बसतो.

तिसरा फायदा इंटरनेट लागत नाही आणि महिन्याचा खर्चही नाही. खेड्यापाड्यात, सिग्नल नसलेल्या वस्तीत, प्रवासात तो तसाच चालतो. बहुतेक डब्यांत एफएम रेडिओही असतो. मात्र मीडियम वेव्ह नसते. जुन्या रेडिओवर लांबचे स्टेशन लावण्याची सवय असलेल्यांनी हे आधी समजून घ्यावे, नाहीतर घरी जाऊन निराशा होते.

चौथा फायदा वृद्धांचा आणि दृष्टी अधू असलेल्यांचा. बटण दाबले की वाजते, पुन्हा दाबले की थांबते. आमच्या घरातील बुजुर्ग बाईंना मोबाईलचा पडदा कधी जमला नाही. परंतु या डब्याची तीन बटणे त्यांना बोटांनीच ओळखू येतात. फजरनंतर त्या स्वतः पठण लावतात. कोणाला हाक मारावी लागत नाही. म्हातारपणी हेही एक स्वातंत्र्यच आहे.

पाचवा फायदा फेरीवाल्यांचा. भंगारवाला किंवा भाजीवाला स्वतःच्या आवाजात हाळी भरून ठेवतो आणि गाडीला डबा टांगतो. दिवसभर ओरडून घसा बसायचा तो त्रास गेला. दम्याच्या माणसाला तर ही वस्तू रोजीच वाचवून देते.

आमच्या दुकानात काय घडले?

आता तोट्यांकडे वळू. काही वर्षांपूर्वीचा रमजान महिना होता. दुकान रात्री उशिरापर्यंत उघडे असायचे. ईदचा माल भरलेला, त्यातला बराचसा उधारीवर आणलेला. तागे छतापर्यंत लागलेले. दुकानातील मुलाने स्वतःसाठी असा एक डबा विकत आणला होता. दुकान बंद करताना त्याने तो मोबाईलच्या चार्जरला लावला आणि गादीमागे, ड्रेस मटेरियलच्या ढिगावर ठेवून दिला. वरून एक कापड पडले असावे.

सकाळी आम्ही शटर उघडले तो जळक्या प्लास्टिकचा वास. डबा फुगून उकललेला, खालचा भाग वितळलेला आणि त्याखालचे सुती कापडाचे दोन तुकडे तपकिरी होऊन भोक पडलेले. अल्लाहची कृपा की धग तेवढ्यावरच विझली. बाजूलाच पॉलिएस्टरचा ढीग होता. ते वितळून पेटत जाते, हे कापडवाल्याला सांगावे लागत नाही. एवढ्या छोट्या डब्याने आमचे दुकान, उधारी देणाऱ्याचा माल आणि शेजारच्या चार दुकानांची रोजी एका रात्रीत राख केली असती.

ज्याच्याकडून तो घेतला होता त्याच्याकडे गेलो. त्याचे उत्तर दोन शब्दांचे होते, "गॅरंटी नाही." बिल मागितले तर बिलही नव्हते. मुलाने मागितले नव्हते आणि त्याने दिले नव्हते. आम्ही त्याला दोष देऊन थांबलो नाही, कारण दोष आमचाही होता. लाख रुपयांच्या मालावर तीनशे रुपयांची वस्तू रात्रभर विजेला लावून आम्ही कुलूप घातले होते.

नंतर एका जाणत्या दुरुस्तीवाल्याने आम्हाला कारण समजावले. या डब्यात लिथियमची बॅटरी असते. पुष्कळ डब्यांत जुन्या नोकिया मोबाईलमध्ये असायची तशी चपटी बीएल-५सी नावाची बॅटरी बसते, काहींत गोल कांडीसारखा सेल असतो. लिथियमचा सेल ४.२ व्होल्टपर्यंत भरला की भरणे थांबले पाहिजे. त्यासाठी आत एक छोटे संरक्षक सर्किट लागते. माल स्वस्त करण्यासाठी हलका माल बनवणारे नेमके तेच गाळतात. मग सेल भरत राहतो, तापतो, फुगतो. वर कापड किंवा उशी असली की उष्णता बाहेर पडत नाही. नावाजलेल्या कंपनीच्या मालातही चूक होऊ शकते. ऑगस्ट २००७ मध्ये खुद्द नोकियाने एका पुरवठादाराने बनवलेल्या सुमारे ४ कोटी ६० लाख बीएल-५सी बॅटऱ्यांबाबत सूचना काढून त्या बदलून देण्याची तयारी दाखवली होती. ज्या कंपनीने आपले नाव मालावर लावले होते तिला निदान विचारता तरी आले. बिनानावाच्या बॅटरीबद्दल कोणाला विचारणार?

कान एकदाच मिळतात

दुसरा तोटा दिसत नाही, म्हणून जास्त धोक्याचा आहे. आमच्या ओळखीचा एक मशीन-भरतकाम करणारा कारीगर आहे. तरुण, हाताचा सफाईदार. कारखान्यात मशीनचा खडखडाट, म्हणून तो कानात वायर घालून आवाज शेवटपर्यंत चढवून ऐकायचा. वर्षानुवर्षे. पुढे त्याला दोनदा हाक मारावी लागू लागली. घरचे म्हणायचे, लक्ष देत नाही. शेवटी आम्ही त्याला घाटीत तपासणीसाठी पाठवले. बारीक, उंच स्वरांचे ऐकणे बरेच कमी झाले होते. आवाजाने गेलेले असे ऐकणे औषधाने परत येत नाही, हे डॉक्टरांनी त्याला सांगितले. आता तो मुलीचे बोलणे तिच्या ओठांकडे पाहून समजून घेतो.

जागतिक आरोग्य संघटनेने यासाठी सोपे माप दिले आहे. मोठ्या माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. आवाज दर तीन डेसिबलने वाढला की ही वेळ निम्मी होते. ९० डेसिबलला आठवड्याचे फक्त चार तास उरतात आणि १०० डेसिबलला जेमतेम वीस मिनिटे. आता मालेगाव-भिवंडीच्या यंत्रमागाच्या शेडचा विचार करा. तिथे मागांचाच आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. त्यावर मात करून गाणे ऐकायचे तर कानातला आवाज त्याहून वर न्यावा लागतो. म्हणजे आठवड्याचा कोटा सोमवारी दुपारच्या आतच संपतो. आवाजामुळे येणारा बहिरेपणा हा कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून नोंदवलेला आहे. मालक बांधवांनी ही गोष्ट कारीगराच्या हौसेवर ढकलू नये.

उपाय साधा आहे. गोंगाटाच्या जागी कानात वायर नकोच. तिथे कानाला बूच हवे. शांत कामावर, म्हणजे शिलाई, अड्डा, रफू, तिथे डबा समोर ठेवून हळू आवाजात ऐकावे. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलताना आवाज चढवावा लागत असेल तर डबा मोठा झाला आहे असे समजावे.

दुकानाच्या दारात डबा

काही दुकानदार मोठा डबा दारात ठेवून दिवसभर वाजवतात. आम्हीही एका हंगामात करून पाहिले. गिऱ्हाईक वाढले नाही, पण भाव दोनदा सांगावा लागू लागला आणि बायका लवकर उठून जाऊ लागल्या. कापडाची खरेदी बोलत-बोलत होते. बोलणेच ऐकू येत नसेल तर सौदा कसा होणार? चौथ्या दिवशी डबा आत गेला. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे व्यापारी भागात दिवसा ६५ आणि रात्री ५५ डेसिबल, तर रहिवासी भागात ५५ आणि ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा. आपल्या जुन्या शहरात खाली दुकान आणि वर घर असते. वर कोणी आजारी असेल, कोणाची परीक्षा असेल, हे कायद्याने सांगण्यापूर्वी शेजारधर्मानेच कळायला हवे.

आणखी एक गोष्ट संकोच न करता लिहितो. काही दुकानांत सकाळी बरकतीसाठी कुरआन पठण लावतात आणि त्याच आवाजात गिऱ्हाइकाशी घासाघीस चालू असते. पठण चालू असताना लक्ष देऊन ऐकावे आणि शांत राहावे, ही शिकवण सूरह अअराफमध्ये आहे. पठण ऐकायचे तर दुकान उघडून झाडलोट होईपर्यंत, दहा मिनिटे, बसून ऐकावे. गिऱ्हाईक आले की बंद करावे. डबा स्वस्त झाला म्हणून त्यातून येणारा कलाम स्वस्त होऊ नये.

आकड्यात काटा मारणे

आता व्यापाराच्या मुळाशी येऊ. या डब्यांवर आणि बॅटऱ्यांवर जे आकडे छापलेले असतात त्यांतले पुष्कळ खोटे असतात. गोल कांडीचा जो सेल सर्वत्र वापरला जातो तो १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. म्हणून त्याला १८६५० म्हणतात. उत्तम कंपनीच्या अशा सेलची क्षमता साधारण ३,५०० एमएएचपर्यंत जाते. बाजारात मात्र त्याच आकाराच्या सेलवर ९,९०० असे बिनदिक्कत छापलेले आढळते. पायलीत मावते त्याच्या तिप्पट धान्य पायलीवर लिहावे, तसा हा प्रकार आहे. नोकियाच्या मूळ बीएल-५सीवर १,०२० एमएएच हा आकडा असे. तेवढ्याच आकाराच्या चपट्या बॅटरीवर कोणी दुप्पट-तिप्पट आकडा छापला असेल तर तोही संशयाने पाहावा.

मेमरी कार्डातही हेच. वर ६४ जीबी छापतात, आत आठ जीबीची चिप असते. कार्डाला असे शिकवलेले असते की ते स्वतःला ६४ म्हणवून घेते. भरताना सर्व भरल्यासारखे दिसते, ऐकताना मागचे सगळे गायब किंवा बिघडलेले. याची परीक्षा एकच. कार्ड शेवटपर्यंत भरावे आणि शेवटची फाईल वाजवून पाहावी.

दिव्य कुरआनातील सूरह मुतफ्फिफीनचे नावच मापात काटा मारणाऱ्यांवरून पडले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, आतले धान्य ओले लागले, तेव्हा ओला माल वर का ठेवला नाही असे त्यांनी विक्रेत्याला विचारले, हा प्रसंग प्रत्येक मुस्लिम व्यापाऱ्याला माहीत आहे. ९,९०० चा सेल हा आजचा ओला ढीग आहे. आकडा कारखान्याने छापला, आम्ही फक्त विकतो, ही सबब चालणार नाही. कारण खोटे आहे हे विकणाऱ्याला माहीत असते.

कार्ड भरून देण्याचा धंदा

पूर्वी कॅसेट भरून देत, आज पन्नास-शंभर रुपयांत कार्ड भरून देतात. हा धंदा करणाऱ्या तरुणांनी कायदा समजून घ्यावा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे दुसऱ्याच्या हक्काची गाणी परवान्याशिवाय जाणूनबुजून भरून विकणे हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड. ध्वनिमुद्रणावरील हक्क साठ वर्षे राहतो. जुने गाणे आहे म्हणून मोकळे आहे असे समजू नये, कारण मुद्रणाचा हक्क संपला तरी कवीचा आणि संगीतकाराचा हक्क वेगळा असतो. नात आणि तकरीरीच्या मुद्रणावरही कोणाचा तरी हक्क असतो. धार्मिक आहे म्हणून फुकट, असे नाही. पन्नास रुपयांसाठी पन्नास हजारांचा धोका कोणता व्यापारी घेईल? ज्यांचे स्वतःचे बयान आहे, ज्या संस्था आपली मुद्रणे खुली वाटतात, त्यांची परवानगी घेऊन कार्ड भरावे. त्यातही रोजी आहे.

विकणाऱ्याचा हिशेब

स्वस्त माल जास्त खपतो हे खरे. पण परत येणारा माल हिशेबात धरावा. समजा २८० रुपयांना घेतलेला डबा ३५० ला विकला. शंभर नगांत सात हजार नफा दिसतो. शंभरातले १५ बिघडून परत आले आणि पैसे द्यावे लागले, तर नफा १,७५० वर येतो. २५ परत आले तर उलट १,७५० चा घाटा. आणि पैसे दिलेच नाहीत तर? ते गिऱ्हाईक परत येत नाही आणि सोबत चार जणांना आणणारही नाही. बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा ठरवल्या आहेत. तक्रारीसाठी १९१५ हा राष्ट्रीय क्रमांक आहे.

घेणाऱ्यानेही हिशेब करावा. समजा ४०० चा डबा आठ महिन्यांत गेला, तर महिन्याला ५० रुपये पडले. ९०० चा डबा घेतला, मध्ये शंभर-शंभराच्या दोन बॅटऱ्या बदलल्या आणि तो तीन वर्षे चालला, तर महिन्याला सुमारे ३० रुपये पडले. स्वस्त कोणता झाला?

घेताना काय पाहावे?

१. बॅटरी हाताने काढून बदलता येते का ते पाहा. चिकटवून बंद केलेला डबा बॅटरीबरोबरच संपतो.

२. बॅटरीवर भारतीय मानक ब्युरोची खूण, आयएस १६०४६ हा मानक क्रमांक आणि आर अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक पाहा. ब्युरोच्या बीआयएस केअर ॲपवर तो क्रमांक तपासता येतो.

३. डब्याच्या खोक्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, कमाल किंमत, महिना-वर्ष आणि कोणत्या देशात बनला हे छापलेले हवे. काहीच छापलेले नसेल तर माल निनावी समजा.

४. दुकानातच कार्ड, रेडिओ आणि चार्जिंग तिन्ही चालवून पाहा. आवाज पूर्ण वाढवून फाटतो का ते ऐका.

५. बिल घ्या, त्यावर तारीख आणि बदलून देण्याची मुदत लिहून घ्या.

६. चार्जिंग दिवसा, डोळ्यांसमोर, फरशीवर किंवा पत्र्यावर करा. कापड, गादी, कागद यांच्यावर कधीच नको. दुकान बंद करताना सर्व चार्जर काढा.

७. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, पुन्हा भरू नका. ती घरच्या कचऱ्यात टाकू नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रातच द्यावी.

स्वस्त असणे हा दोष नाही

शेवटी आपल्याच शहराच्या मालाचे उदाहरण देतो. छत्रपती संभाजीनगर, म्हणजे आपले जुने औरंगाबाद, हिमरूमुळे दूरदूर ओळखले गेले. हिमरू म्हणजे काय? सोन्या-चांदीच्या तारांचा किनखाब अमीर-उमरावांना परवडायचा. ज्यांना तो परवडत नव्हता त्यांच्यासाठी कारीगरांनी सुताच्या ताण्यावर रेशमाचा बाणा घालून तशीच वेलबुट्टी विणली. हिमरू हे नावच 'त्याच्यासारखे' अशा अर्थाच्या फारसी शब्दावरून पडले असे सांगतात. म्हणजे आपला हिमरू हा किनखाबाचा स्वस्त भाऊ होता. पण विणकराने त्याला किनखाब हे नाव दिले नाही. त्याने नावातच सांगून टाकले की हा त्याच्यासारखा आहे, तो नाही. म्हणून तो स्वस्त असूनही इज्जतीने विकला गेला.

एमपीथ्रीचा डबाही तसाच विकता येतो. गरिबाला त्याची गरज आहे, कारीगराला त्याची सोबत आहे, बुजुर्गांना त्याचा आधार आहे. त्याची किंमत कमी असू द्या. फक्त त्यावरचा आकडा खरा असावा, आतली बॅटरी निर्धोक असावी आणि हातात बिल असावे. आमच्या दुकानात ते जळालेले दोन तुकडे आम्ही फेकले नाहीत. गल्ल्याखाली ठेवले आहेत. रात्री कुलूप घालण्यापूर्वी दुकानातला मुलगा सर्व चार्जर काढले का ते पाहतो, आणि मग आम्ही स्वतः एकदा पाहतो. वाचक बांधवांनीही आज रात्री दुकान वाढवताना एवढे करावे. अल्लाह सर्वांच्या रोजीत बरकत देवो आणि सर्वांच्या दुकानांची हिफाजत करो.